हॉलमधला माझा कॉम्प्युटर

माझ्या मुलीने मला टीममधून काढलं, आणि तेही इतक्या सभ्यपणे की मला आधी कळलंच नाही.

"आई, आज आप रेस्ट करो ना, हम लोग तीन में ही खेल लेंगे," ती एका रविवारी फोनवर म्हणाली. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तर तिने काही विचारलंच नाही. ती बंगळुरूला नोकरी करते, आम्ही दोघं लखनौला, आलमबागेत. फोनवरचं आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, हां, ऑफिस कसं, ठीक है, बरं ठेवते. पण खेळताना ती माझ्याशी खरोखर बोलायची. बॉसला शिव्या घालायची, रूममेटच्या तक्रारी करायची, मध्येच "आई, पीछे देखो!" असं किंचाळायची. आठवड्यातला तो दीड तास मला हवा असायचा. तो गेला याचं मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की आधी राग येतो, तसा तो आलाच.

खेळ साधा होता. चौघांनी मिळून एका बर्फाळ बेटावर तग धरायचा. लाकडं तोडायची, शेकोटी विझू द्यायची नाही, लांडगे आले की हाकलून लावायचे. मुलगी घरून काम करत होती त्या काळात एकदा तिचा आणि तिच्या दोघी मैत्रिणींचा चौथा गडी आला नाही, म्हणून तिने मला बळेच बसवलं आणि मी तिथे चिकटले. माझ्याकडे पहाऱ्याचं काम असायचं. अडचण होती ती माझ्या जुन्या लॅपटॉपची. इतर वेळी तो कसाबसा चालायचा, पण लांडग्यांचा कळप आला की नेमका अडकायचा. मिक्सरसारखा घरघरायचा आणि पडद्यावर मी पुतळ्यासारखी उभी. माझ्या पहाऱ्यात सगळे दोनतीनदा मारले गेले. मुलीची एक मैत्रीण हसत म्हणाली, "आंटी फिर फ्रीज़ हो गईं." बिचारीच्या मनात काही नसेल, पण मला ते लागलं.

मी चंग बांधला. नवा कॉम्प्युटर घ्यायचा, खास खेळायचा घ्यायचा, आणि तयार नाही, स्वतः एकेक भाग निवडून जोडायचा. मुलीला विचारायचं नाही. विचारलं असतं तर तिने अर्ध्या तासात ऑर्डर करून पाठवला असता आणि वर म्हणाली असती, आई, तुम टेंशन मत लो.

स्वतःच का जोडायचा, तर त्याला कारण आहे. मी इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी आहे. प्रयोगशाळेतली उपकरणं माझ्या ताब्यात असतात आणि खरेदी समितीतही माझी वर्णी लागलेली असते. आमच्याकडे एखादी वस्तू घ्यायची तर आधी ती कशी हवी ते कागदावर लिहायचं, दरपत्रकं मागवायची, आणि जो अटींत बसेल त्यातला सगळ्यात स्वस्त निवडायचा. त्याला एल-वन म्हणतात. एल-वन सोडून दुसरा निवडलात तर उत्तरं देता देता नाकी नऊ येतात. ह्या एल-वनने मला काय काय दिलंय! चालू केलं की टेबलावरून चालायला लागणारं सेंट्रीफ्यूज दिलं, दार बंद केलं तरी गार हवा बाहेर सोडणारा फ्रीज दिला. नोकरीभर मी हे स्वस्त सामान दुरुस्त करत आलेय आणि समितीत तोंड मिटून सह्या करत आलेय. आता घरात मागणी करणारी मी, समिती मी आणि मंजुरी देणारीही मीच. ह्या विचाराने मला केवढा आनंद झाला, ते सरकारी नोकरी केलेल्या माणसालाच कळेल.

पैशाची मर्यादा मात्र होती. महागाई भत्त्याची थकबाकी हातात आली होती, त्यातून मॉनिटरसकट सत्तर हजारांच्या वर जायचं नाही असं मी ठरवलं. उरलेल्यात घरचा फ्रीज यायचा होता. माझ्या नवऱ्याला तसा शब्द दिला होता. ते बँकेत आहेत आणि दिलेला शब्द विसरत नाहीत.

संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की मी व्हिडिओ बघायला बसायची. "तो दोस्तों!" म्हणून ओरडत सुरू होणारी ती पोरं. आधी मला त्यांचा वैताग आला, मग हळूहळू आवडायला लागली, कारण ती वस्तू उघडून दाखवत होती. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र काढणारा भाग, खेळण्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, तेव्हा सगळ्यात मोठा वाटा त्याचा. प्रोसेसर मधला घ्यायचा. कार्डाच्या मानाने फार भारी घेतला तर बसून राहतो. हे दोन्ही मला चटकन पटलं. मग मी एक तक्ता केला, अगदी संस्थेत करतो तसा, आणि त्यात एकेका भागावर स्वतःशीच भांडले. रॅम महाग झाली होती म्हणून मी कार्ड एक पायरी खाली आणलं. रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी उठून कार्ड परत वर नेलं आणि मॉनिटर लहान केला. रंगीत दिव्यांवर काट मारली. कॅबिनेट काचेचं छान दिसत होतं, पण समोरून बंद. लखनौच्या जूनमध्ये माणसाला श्वास घेता येत नाही, तिथे त्या यंत्राला कुठून येणार? मी समोरून जाळी असलेलं, दिसायला डब्यासारखं कॅबिनेट निवडलं.

आणि एका जागी मी हात सैल सोडला. इथल्या दुकानांत एसएमपीएस म्हणतात, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटणारा डबा. व्हिडिओतली पोरं त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलून पुढे जायची. पण माझ्या हाताखाली जेवढी उपकरणं मेली, त्यातली बहुतेक विजेने मेली. दाब वरखाली होतो, लाइट जातो, येताना झटका देऊन येतो, आणि घरचा इन्व्हर्टर स्वतःच्या लहरीने वीज देतो. त्या तक्त्यात मी फक्त त्या एका ओळीवर सगळ्यात महागाला टिक केली. मग एकटीच बसून चहा प्यायले, इतकं मला बरं वाटलं.

शनिवारी मेट्रोने हजरतगंज आणि तिथून लालबाग. हो, लखनौलाही लालबाग आहे. राजा तेवढा नाही, कॉम्प्युटरचा बाजार आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, अत्तर लावलेला, बोलायला अदबशीर.

"बच्चे को साथ ले आतीं मैम, तो पसंद भी करवा देते," तो म्हणाला.

मी ताकास तूर लागू दिली नाही. तक्ता पुढे ठेवला. त्याने तो वाचला आणि एसएमपीएसवर बोट ठेवलं. "इसमें इतना पैसा क्यों फँसा रही हैं? इसका आधा दीजिए, बाक़ी में लाइट वाले पंखे लगा देते हैं, देखने वाला देखता रह जाए।"

"देखने वाला कोई नहीं है," मी म्हटलं. "यही दीजिए।"

त्याने खांदे उडवले. मग मदरबोर्डवर आला. मी लिहिलेल्या बोर्डचेच दोन प्रकार होते, एक वायफाय असलेला आणि एक नसलेला. मी नसलेला लिहिला होता.

"मैम, वाई-फ़ाई वाला ले लीजिए। थोड़ा सा ही फ़र्क़ है।"

इथे माझ्यातली खरेदी समिती जागी झाली. दुकानदार एखादी गोष्ट दोनदा सुचवतो म्हणजे ती आपल्या गरजेची नसते, हे माझं इतक्या वर्षांचं ज्ञान. आणि वायफाय कशाला हवं? कॉम्प्युटर टेबलावर राहणार, भिंतीत इंटरनेटचं भोक असणार, वायर लावायची की झालं. वायरीसारखं भरवशाचं दुसरं काही नाही. मी त्याला हे चार शब्दांत समजावून सांगितलं आणि त्या ओळीखाली त्याच्यासमोर खणखणीत रेघ मारून विषय संपवला. तो म्हणाला, "जैसा हुक्म।" मी खोके घेऊन रिक्षात बसले तेव्हा माझी मान ताठ होती.

घरी नवऱ्याने खोक्यांचा ढीग पाहिला. "अगं, हे तयार मिळत नाही का?"

"मिळतं. एल-वनमध्ये."

ते हसले आणि पेपरात शिरले. खोके मी मुलीच्या खोलीत नेऊन ठेवले. कॉम्प्युटर तिथेच राहणार होता, घराच्या अगदी आतल्या बाजूला, दार लावलं की कुणाला दिसायला नको. पन्नाशी उलटलेली बाई रविवारी संध्याकाळी लांडगे मारते हे मला जगाला सांगायचं नव्हतं. इथे मराठी माणसं मूठभर, मंडळातली एक बातमी आलमबागेतून निघाली की संध्याकाळपर्यंत पार गोमतीनगरला पोचते.

रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत बसले. बांगड्या काढल्या, वाचायचा चष्मा लावला, हात धुऊन कोरडे केले आणि अंगातली वीज जावी म्हणून आधी खिडकीच्या गजाला हात लावला. प्रोसेसर जागेवर ठेवून वरची दांडी दाबली तेव्हा असा कर्र आवाज झाला की काहीतरी तुटलं असंच वाटलं. पण तो आवाज येतोच, हे मी ऐकून होते. त्यावर उष्णता वाहून नेणारा वाटाण्याएवढा लेप, वर पंखा. रॅम दोन्हीकडून खट्ट वाजेपर्यंत दाबली. कार्ड बसवलं तेव्हा श्वास रोखून धरला, कारण त्यातच माझा सगळा जीव आणि निम्मे पैसे होते. बटणांच्या, केसासारख्या बारीक वायरी लावताना दोनदा चुकले आणि एकदा नवऱ्याला टॉर्च धरायला बोलावलं. टॉर्च धरून ते म्हणाले, "तुझे हात अजिबात थरथरत नाहीत गं." हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडद्यावर अक्षरं आली.

मी ओरडले. शब्द नाही, नुसतीच ओरडले. मोठमोठ्या यंत्रांचे डबे मी उघडलेत, पण ती सगळी दुसऱ्यांची, बिघडलेली. रिकाम्या डब्यापासून सुरू करून उभं केलेलं हे पहिलं, आणि त्यातला एकेक तुकडा माझ्या अक्कलहुशारीने निवडलेला. मला माझा भयंकर अभिमान वाटला. लगेच मुलीला मेसेज केला: आज सहाला मी पण आहे. तिचं उत्तर आलं: लैपटॉप पे?? मी लिहिलं: बघशील.

मग विंडोज चढवायला घेतलं, आणि अर्ध्या वाटेत पडद्याने विचारलं, नेटवर्कला जोडा. मी वायर शोधायला वळले आणि खोलीची भिंत पाहिली. भिंत कोरी होती. चारही भिंती कोऱ्या होत्या. भिंतीत इंटरनेटचं भोक असतं ते संस्थेत, प्रत्येक टेबलामागे. मी नोकरीभर त्या भोकांसमोर बसलेय, त्यामुळे ती भिंतीबरोबर येतात अशीच माझी समजूत होऊन बसली होती. घरी आहे फक्त हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, खिळ्याला टांगलेला राउटर. दुकानदाराने दोनदा सांगितलं होतं. मी रेघ मारली होती, खणखणीत.

मला स्वतःचाच असा संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. यूएसबीला लावायचं वायफायचं बोटभर यंत्र मिळतं, पण रविवारी तो सगळा बाजार बंद. फोनच्या डेटावर एवढा मोठा खेळ उतरवायचा म्हणजे दोन दिवस. राउटर हलवावा तर त्याची तार भिंतीला ठोकून आणलेली. आणि मुलीला मी सहाचा शब्द देऊन बसले होते. आज नाही जमलं असतं तर तिने पुन्हा काही विचारलं नसतं. ती मोठी सभ्य आहे.

नवरा दारात उभा होता. "मग हॉलमध्ये आणू या ना," ते म्हणाले. "राउटरपाशी."

"हॉलमध्ये? सगळ्यांसमोर?"

"सगळे म्हणजे कोण? मीच तर असतो."

दुपारच्या रणरणत्या उन्हात आम्ही दोघांनी मुलीचं टेबल दाराच्या चौकटीतून तिरकं करून बाहेर काढलं. टीव्हीशेजारचा फुलदाणीचा स्टूल गेला, तिथे माझं टेबल आलं. राउटरच्या खोक्यात हातभर पिवळी वायर होती, ती बरोब्बर पोचली. खेळ उतरायला लागला. मी दर दहा मिनिटांनी आकडा बघत होते. मध्ये एकदा लाइट गेला, इन्व्हर्टर लागला, टीव्हीचा दिवा विझून पेटला, पण माझं यंत्र बंद पडलं नाही; महागाचा एसएमपीएस कामी आला. "बघितलंत?" मी नवऱ्याला म्हटलं. त्यांनी काय बघायचं ते त्यांना कळलं नाही, पण मान डोलावली.

साडेपाचला खेळ उतरला. पावणेसहाला बेल वाजली.

मंडळाचे कार्यवाह आणि त्यांच्या पत्नी दारात. मंडळाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण घेऊन आले होते, फोन न करता, हक्काने. नाही म्हणायची सोय नव्हती. मी पाणी आणलं, सकाळीच मलिहाबादहून आलेले दसहरी आंबे कापले. वहिनींची नजर खोलीभर फिरली आणि टीव्हीशेजारी येऊन थांबली.

"अय्या, लेक आलीय वाटतं? हा तिचाच ना, गेमिंगवाला? आमच्या भाच्याकडे असलाच आहे."

"हो, म्हणजे ऑफिसच्या कामासाठी..." नवऱ्याने मला वाचवायला सुरुवात केली. माणूस खरंच चांगला आहे.

मी ताट हातात घेऊन उभी होते. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण सकाळपासून त्या डब्यातला एकेक स्क्रू मी पिळला होता. दुसऱ्या कुणाच्या नावावर तो लावायला माझी जीभच वळेना.

"माझा आहे," मी म्हटलं. "सुटे भाग आणून मी जोडला. गेम खेळायला."

"गेम?" वहिनींच्या हातातली फोड वाटेत थांबली. "तुम्ही?"

"मी. आंबा घ्या ना."

कार्यवाह उठून कॅबिनेटपाशी गेले, जाळीतून आत डोकावले आणि "अच्छा, अच्छा" म्हणाले. ही बातमी आता गोमतीनगरला जाणार हे मला वहिनींच्या भुवयांवरून दिसत होतं. तेवढ्यात फोन वाजला. "आई, सब आ गए हैं। आ रही हो?"

मी पदराला हात पुसले. "वहिनी, तुम्ही निवांत बसा, हे आहेत. मला लेकीकडे जायचंय," असं म्हणून मी पाहुण्यांसमोर खुर्ची ओढली आणि हेडफोन कानाला लावले.

बर्फ पडत होता. जुन्या लॅपटॉपवर तो मला नुसता पांढरा धूर दिसायचा; आता एकेक कण वेगळा पडताना दिसत होता. झाडं हलत होती. मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, तिच्या त्या लाल टोपीतली. पहिलाच कळप आला तेव्हा माझे खांदे आपोआप आवळले, आता अडकणार म्हणून. काहीही अडकलं नाही. मी वळले, धावले, एक लांडगा पाडला, दुसरा पाडला, आणि मुलीच्या पाठीवर झेपावणारा तिसराही पाडला.

"ओए!" ती मैत्रीण ओरडली. "आंटी को क्या हो गया? नया लैपटॉप लिया क्या?"

"लैपटॉप नहीं, पीसी है शायद," माझी मुलगी म्हणाली. "आई, पीसी है ना? कहाँ से लिया?"

"लालबागेतून भाग आणले," मी म्हटलं. "मीच निवडले. सकाळी जोडला."

मग माझी मुलगी बोलली, माझ्याशी नव्हे, त्या दोघींशी. आवाज जरा चढलेला, शाळेत पहिला नंबर आला की चढायचा तसा. "सुना तुम लोगों ने? ख़ुद बनाया है। एक-एक पार्ट ख़ुद चुना है। मेरी आई ने।"

"आंटी, मेरा भी बना दोगी?" मैत्रिणीने विचारलं.

"ए, लाइन में लगो," माझी मुलगी म्हणाली. "पहले मेरा बनेगा।"

मला पडद्यावरचं दिसेना. मी चष्मा काढून पदराने पुसत होते, आणि तेवढ्यात एक लांडगा येऊन मला चावला. मी जागच्या जागी उभी.

"आई? आई, क्या हुआ? अटक गया क्या?"

"नाही गं," मी म्हटलं. "मशीन एकदम व्यवस्थित आहे."